कोरडेपणाचा रोग आणि मूत्रपिंडाचा जमाखर्च

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या वार्षिकांकात असे लेख सहसा बी. एस्सी.चे मित्र लिहितात आणि आमच्या वाट्याला सहकार चळवळ किंवा अंदाजपत्रक येते. परंतु गेल्या वर्षी आमच्या आत्याच्या आजारपणात तिचे सगळे रिपोर्ट वाचण्याचे आणि जपून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. ते वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. मूत्रपिंड म्हणजे शरीराचे गाळणे असे आपण शाळेत शिकलो; परंतु त्याला शरीराचे हिशेबखाते म्हणणे अधिक बरोबर ठरेल. आणि हिशेबखात्यात बिघाड झाला तर तो कसा ओळखावा, हे समजून घेण्यास आम्हा वाणिज्यवाल्यांना फारसे जड जाऊ नये.

ज्या आजाराविषयी मी लिहीत आहे त्याचे नाव श्योग्रेनचा रोग. नाव परके वाटले तरी रोग परका नाही. डोळे आणि तोंड कोरडे पडणे हे त्याचे मुख्य लक्षण. म्हणूनच की काय, पुष्कळांना तो किरकोळ वाटतो. त्याचा हात मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो आणि तो तेथे गुपचूप पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या लेखाचा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

रोगाचे नाव कोठून आले

हेन्रिक श्योग्रेन (१८९९–१९८६) हे स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ. १९३० साली त्यांच्याकडे आलेल्या एका बाईचे डोळे कोरडे होते, तोंड कोरडे होते आणि सांधेही दुखत होते. डोळ्यांच्या डॉक्टराने डोळे पाहावेत, दातांच्या डॉक्टराने तोंड पाहावे आणि सांध्यांचे औषध तिसऱ्याने द्यावे, अशी वाटणी करून ते मोकळे झाले नाहीत. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे असे त्यांना वाटले. त्यांनी अशा आणखी रुग्णांचा शोध घेतला आणि १९३३ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आपला प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. त्यात १९ स्त्रियांची हकिगत होती. त्यांपैकी १३ जणींना सांध्यांचा विकार होता.

परीक्षकांवर या प्रबंधाची फारशी छाप पडली नाही. विद्यापीठात अध्यापक होण्यासाठी लागणारी श्रेणी श्योग्रेन यांना मिळाली नाही आणि पुढे ते योन्शोपिंग या गावच्या रुग्णालयात काम करीत राहिले. १९४३ साली ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी त्या प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे जगाचे त्याकडे लक्ष गेले. एका बाजूने मराठी आणि दुसऱ्या बाजूने कन्नड अशा अंकाच्या वाचकांना भाषांतराचे हे मोल वेगळे सांगावयास नको.

आज या रोगाविषयी बरेच कळले आहे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या राखणदार असतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी त्यांनी लढावे अशी व्यवस्था आहे. परंतु काही माणसांत हे राखणदार घरच्याच माणसांना चोर समजू लागतात. अशा रोगांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. आमवात हा त्यांपैकीच एक. श्योग्रेनच्या रोगात हा हल्ला मुख्यतः अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर होतो. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी या ग्रंथींत घोळक्याने शिरतात आणि ग्रंथी हळूहळू आटत जातात. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, आणि बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान रोग उघडकीस येतो. पूर्वी याला ‘सिंड्रोम’, म्हणजे लक्षणांचा समूह, म्हणत. अलीकडे तज्ज्ञांनी तो शब्द सोडून ‘रोग’ म्हणावयाचे ठरविले आहे. कारण हे केवळ कोरडेपणाच्या तक्रारींचे गाठोडे नव्हे, साऱ्या शरीरात पसरू शकणारा तो एक पूर्ण आजार आहे.

घरातल्या भाषेत लक्षणे

पुस्तकातील लक्षणे घरात वेगळ्या शब्दांत बोलली जातात. आमची आत्या खानापूर तालुक्यात राहते. घरची भातशेती आहे आणि लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवसभर काम करणारी ती बाई. वयाच्या चाळिशीनंतर ती म्हणू लागली, “डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वाटते.” कोरडी भाकरी तिच्या घशाखाली उतरेना, प्रत्येक घासाला पातळ आमटी किंवा पाण्याचा घोट लागे. रात्री उशाशी तांब्या असे आणि तो पहाटेपर्यंत रिकामा होई. दात एकामागून एक किडले. लाळ ही दातांची राखण करते. लाळ आटली की दात लवकर किडतात, हे मला नंतर कळले. लघवीला वारंवार जावे लागे. तेव्हा शेजारणींनी निदान करून टाकले की साखर झाली असणार. साखर तपासली, ती ठीक निघाली, आणि तेथेच चौकशी थांबली.

त्यानंतर कामातला जोर ओसरू लागला. खाली बसलेली आत्या हात टेकल्याशिवाय उठेना. ऐन लावणीत बाई बांधावर बसू लागली की लोक काय बोलतात ते सांगण्याची गरज नाही. ‘अशक्तपणा’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कन्नडमधला ‘निश्शक्ती’ हा शब्दही तितकाच सैल आहे. कामाने थकणे, मन न लागणे आणि स्नायूने खरोखरच हुकूम न ऐकणे, या तिन्ही गोष्टी आपण याच एका शब्दात कोंबतो. डॉक्टरपुढेही तोच शब्द जातो आणि त्यावर टॉनिकची बाटली मिळते.

गेल्या आषाढात एके दिवशी पहाटे आत्याला अंथरुणावरून उठताच येईना. दोन्ही पाय हलेनात, हातही जेमतेम उचलत होते. घरात आकांत झाला. अंगावरून वारे गेले असेच सर्वांना वाटले. परंतु तिचे तोंड वाकडे झाले नव्हते, बोलणे स्वच्छ होते, चिमटा काढला तर कळत होता. एका रुग्णालयात तिच्या रक्तात पोटॅशियम फार कमी निघाले. ते शिरेतून भरले आणि दोन दिवसांत ती चालू लागली. सर्वांना आनंद झाला आणि तिला घरी पाठविण्यात आले. पोटॅशियम कशाने कमी झाले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. चार महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार झाला. या दोन खेपांच्या खर्चापायी घरची दुभती म्हैस विकावी लागली.

दुसऱ्या खेपेस वेगळ्या रुग्णालयात धारवाडकडच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि विचारले, “बायि ओणगतैतेन्री?” म्हणजे, तोंड कोरडे पडते का हो? मी प्रश्न मराठीत सांगितला. आत्या म्हणाली, “ते तर सात वर्षं झाली. त्याचा पायांशी काय संबंध?” त्या संबंधाचीच हकिगत पुढे सांगतो.

हिशेबखात्याचे काम

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनचे दोन भाग समजावेत. आरंभी केशवाहिन्यांचा एक गुंडा असतो, तो गाळणी. त्याच्यापुढे एक लांब, वळणावळणाची नळी असते, ती हिशेबनीस. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते, परंतु लघवी होते जेमतेम दीड लिटर. म्हणजे जे गाळले त्यातले शंभरात नव्व्याण्णव भाग नळ्या परत घेतात. किती पाणी ठेवावे, किती मीठ सोडावे, किती पोटॅशियम राखावे, किती आम्ल बाहेर टाकावे, हा रोजचा जमाखर्च या नळ्यांच्या हाती असतो.

आम्लाचा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. आपण जे अन्न खातो त्याच्या पचनातून आणि शरीराच्या कामातून दररोज काही आम्ल शिल्लक राहते. पन्नास किलो वजनाच्या माणसात ते ढोबळ मानाने ५० मिलिइक्विव्हॅलंट भरते. हे रोजचे देणे होय आणि ते रोजच्या रोज फेडलेच पाहिजे. नळीच्या शेवटच्या भागातील काही पेशींत आम्ल बाहेर लोटणारे सूक्ष्म पंप असतात. ते चालू आहेत तोवर देणे फिटत राहते.

श्योग्रेनच्या रोगात लिम्फोसाइट पेशी जशा लाळग्रंथींत शिरतात, तशाच काही रुग्णांत या नळ्यांच्या भोवतीही जमतात. हे दोन अवयव एकमेकांपासून इतके दूर असता रोगाने त्यांनाच का निवडावे? ग्रीसमधील मुत्सोपूलोस या वैद्यकतज्ज्ञांनी १९९४ साली त्याची एक उपपत्ती मांडली. लाळेच्या नलिकेला आतून जे अस्तर असते ते एपिथेलियल पेशींचे. मूत्रपिंडातील नळीचे अस्तरही त्याच जातीच्या पेशींचे. हा रोग मुळात या अस्तराचा आहे असे मानले की कोरडे तोंड आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचे नाते लागते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, तेव्हा नळीच्या पेशींत आम्लाचे ते पंपच आढळले नाहीत. पंप नाहीत म्हटल्यावर देणे फिटावयाचे कसे? रक्तात आम्ल साचू लागते. या स्थितीला मूत्रनलिकाजन्य आम्लता म्हणतात.

आता पोटॅशियमचे पाहू. नळीचा हा भाग सोडियम परत घेतो, तेव्हा त्याच्या बदल्यात धन विद्युतभाराचे दुसरे काहीतरी बाहेर द्यावे लागते. तो एक प्रकारचा वस्तुविनिमयच आहे. बदल्यात आम्लाचा हायड्रोजन देता आला नाही, तर पोटॅशियम द्यावे लागते. अशा रीतीने दररोज पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. रक्तात त्याचे प्रमाण साधारण ३.५ ते ५ असावयास हवे. ते फारच खाली गेले की स्नायूंना विजेचा इशारा पोहोचूनही ते हलत नाहीत. पाय लुळे पडतात. श्वासाचे स्नायू अथवा हृदयाचे ठोके यांवर परिणाम झाला तर प्राणावर बेतते. आत्याचे पोटॅशियम २.१ होते.

भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत अशा स्त्रियांच्या हकिगती अनेक वेळा प्रसिद्ध झाल्या आहेत. पाय लुळे पडून त्या रुग्णालयात आल्या आणि तेथे प्रथमच कळले की त्यांना श्योग्रेनचा रोग आहे. कोरडेपणाविषयी कोणी विचारलेले नसते, आणि ती सांगण्याजोगी गोष्ट आहे असे त्यांनाही वाटलेले नसते.

रक्ताची तेरीज

आमच्या पहिल्याच वर्षात तेरीज शिकवतात. नावे बाजू आणि जमा बाजू यांची बेरीज जुळली पाहिजे. जुळत नसेल तर कोठेतरी नोंद राहिली आहे. रक्ताचेही तसेच असते. धन भार आणि ऋण भार यांची बेरीज सारखी असावी लागते. धन बाजूला मोठी रक्कम सोडियमची, ऋण बाजूला क्लोराइड व बायकार्बोनेट यांची. निरोगी माणसाचे उदाहरण घ्या. सोडियम १४०, क्लोराइड १०४, बायकार्बोनेट २४. क्लोराइड आणि बायकार्बोनेट मिळून १२८ झाले. १४० मधून वजा केले की १२ उरतात. हे १२ म्हणजे न मोजलेली किरकोळ खाती. डॉक्टरांच्या भाषेत त्याला अ‍ॅनायन गॅप म्हणतात.

आत्याच्या रिपोर्टवर सोडियम १४०, क्लोराइड ११४ आणि बायकार्बोनेट १४ होते. बायकार्बोनेट ही आम्लाशी सामना करणारी शरीराची गंगाजळी. ती २४ वरून १४ वर आली होती. परंतु बेरीज करून पाहा. ११४ आणि १४ मिळून पुन्हा १२८, आणि बाकी पुन्हा १२. बायकार्बोनेटची रिकामी जागा क्लोराइडने भरून काढली होती. मधुमेह हाताबाहेर गेल्यावर शरीरात भलते आम्ल तयार होते, तेव्हाही बायकार्बोनेट १४ होऊ शकते. मात्र ते नवे आम्ल किरकोळ खात्यांत शिरते आणि १२ ची बाकी फुगून वीस-बावीसच्या घरात जाते. म्हणजे गंगाजळी दोन्हीकडे सारखीच आटलेली दिसली तरी तेरीज मांडली की पैसा कोणत्या वाटेने गेला ते समजते.

जोराच्या जुलाबांतही रक्ताचे चित्र आत्यासारखेच दिसते. म्हणून त्यानंतर लघवीची परीक्षा करतात. रक्तात आम्ल साचलेले असता निरोगी मूत्रपिंड ते जोराने बाहेर टाकते आणि लघवीचा पी. एच. सहसा ५.५ च्या खाली उतरतो. आत्याचा ६.५ होता. घरात कर्ज थकले असताना खजिनदार तिजोरीला कुलूप लावून बसावा, तसा हा प्रकार.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. मूत्रपिंड ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी आपल्याकडे बहुधा क्रिएटिनिनची एकच तपासणी करतात. आत्याचे क्रिएटिनिन दोन्ही वेळा ठीक होते आणि म्हणून ‘किडनी चांगली आहे’ असे सांगण्यात आले. परंतु क्रिएटिनिन हे गाळणीचे माप आहे. नळीतला बिघाड त्यात पुष्कळ दिवस दिसत नाही. दुकानात गिऱ्हाईक नेहमीइतकेच येत आहे एवढ्यावरून गल्ल्यातला हिशेब बरोबर आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना हा रोग आहे त्यांनी क्रिएटिनिनच्या जोडीने सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि साधी लघवी यांचीही तपासणी वेळोवेळी करून घ्यावी, ती यासाठी.

हाडे, खडे आणि पाणी

साचलेले आम्ल फेडण्यासाठी शरीर आणखी एक मार्ग काढते. हाडांत अल्कलीयुक्त क्षारांचा मोठा साठा असतो. त्यातून थोडे थोडे काढून आम्ल शमविले जाते. रोजचा किराणा भागविण्यासाठी वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे विकावेत, तसे हे होते. हाडे मऊ आणि दुखरी होतात. हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीत उतरते. आम्लतेमुळे लघवीतील सिट्रेट कमी झालेले असते, आणि सिट्रेट तर खडे होऊ न देणारे द्रव्य. त्यात लघवी आम्लधर्मी नसते. अशा लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे बनतात. काहींच्या बाबतीत मूत्रपिंडाच्या गाभ्यातच कॅल्शियम साचते व सोनोग्राफीत दिसते. ज्या बाईला पुन्हा पुन्हा मुतखडा होतो आणि जिचे तोंडही कोरडे असते, तिच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र मांडून पाहणे शहाणपणाचे ठरते.

नळ्यांचे आणखी एक काम म्हणजे पाणी राखणे. तेही बिघडले की लघवी पातळ आणि पुष्कळ होते. आत्याच्या उशाचा तांब्या रिकामा होई, त्याला अशी दोन कारणे होती. लाळ नाही म्हणून तोंडाला पाणी हवे, आणि मूत्रपिंड पाणी धरत नाही म्हणून शरीरालाही पाणी हवे.

याखेरीज काही थोड्या रुग्णांत नळीऐवजी गाळणीलाच सूज येते. तेव्हा लघवीत प्रथिने किंवा रक्त जाते, पायांवर व चेहऱ्यावर सूज चढते, रक्तदाब वाढतो. हा प्रकार विरळ असला तरी अधिक गंभीर आहे आणि त्याला वेगळे व कडक उपचार लागतात. नेमका प्रकार ठरविण्यासाठी कधी कधी मूत्रपिंडाचा सुईने तुकडा काढून तपासावा लागतो.

वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. युरोपातील अभ्यासांत श्योग्रेनच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच जणांच्या मूत्रपिंडात ठळक बिघाड आढळला आहे. चीन व भारत या देशांतील नोंदींत हे प्रमाण अधिक दिसते. तरीही पुष्कळ रुग्णांचे मूत्रपिंड शाबूत राहते. शिवाय प्रत्येक कोरडे तोंड म्हणजे श्योग्रेन नव्हे. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे, मधुमेह, वाढते वय यांनीही तोंड कोरडे पडते. निदानासाठी ठराविक चाचण्या आहेत. शिर्मरच्या चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. रक्तात ‘अँटी-रो’ नावाची प्रतिपिंडे शोधतात. गरज पडल्यास खालच्या ओठाच्या आतून कणभर तुकडा घेऊन लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आत्याची पट्टी दोन मिलिमीटरच भिजली आणि अँटी-रो प्रतिपिंडे सापडली.

उपचार आणि काही सावधगिरी

मूत्रनलिकाजन्य आम्लतेचा नेहमीचा उपचार ऐकून आम्हाला आश्चर्य वाटले. पोटॅशियमचे क्षार आणि अल्कली, म्हणजे सिट्रेट किंवा सोडियम बायकार्बोनेट. हे बायकार्बोनेट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडाच. रुग्णालयातील दोन खेपांच्या खर्चाशी या औषधांच्या किमतीची तुलनाच नको. नळ्यांभोवतीची सूज जोरात असेल तर स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे तज्ज्ञ देतात. उपचार वेळेवर झाले तर बहुतेकांचे मूत्रपिंड चांगले टिकते. दुर्लक्ष झाले तर काहींची गाळणीही हळूहळू निकामी होते.

तथापि औषध स्वस्त आहे म्हणून ते आपल्या मनाने घेण्याजोगे नाही. पोटॅशियम फार खाली गेले असता आधी नुसताच सोडा दिला, तर पोटॅशियम आणखी खाली जाते. म्हणून आधी पोटॅशियम सावरावे लागते. उलट, ज्याची गाळणी निकामी झाली आहे अशा माणसाने पोटॅशियमचा मारा केला, तर ते रक्तात साचून हृदय बंद पडू शकते. नारळपाण्यालाही हेच लागू आहे.

आपल्याकडची एक सवय या संदर्भात फार धोक्याची आहे. अशक्तपणा वाटला की ‘ग्लुकोजची एक बाटली लावा’ असा आग्रह आपण स्वतःच डॉक्टरांकडे धरतो. ग्लुकोज शरीरात गेले की इन्सुलिन सुटते, आणि इन्सुलिन रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलते. ज्याचे पोटॅशियम आधीच तळाला गेले आहे त्याचे पाय त्या बाटलीने अधिकच लुळे पडू शकतात. दुसरी सवय वेदनाशामक गोळ्यांची. या रोगात सांधे दुखतात म्हणून बायका दुकानातून गोळ्या आणून महिनेन् महिने खातात. त्यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंडाला अपायकारक असतात.

शेवटची सावधगिरी रुग्णाच्या घरच्यांसाठी. औषधे सुरू झाली की आठ-पंधरा दिवसांत माणूस हिंडूफिरू लागतो आणि ‘आता बरी झाली, गोळ्या कशाला?’ असे घरात सुरू होते. पंप गेलेले असतात ते बहुधा परत येत नाहीत. म्हणजे रोजचे देणे रोज बाहेरून फेडायचे आहे, आणि ते बहुधा जन्मभर. ज्याने हप्ता चुकविण्याचे परिणाम पाहिले आहेत त्याला हे पटावयास हरकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. आई, आत्या, मावशी यांच्याबरोबर दवाखान्यात आपणच जातो. त्या मराठीत सांगतात, डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. मध्ये उभे राहून तिन्ही भाषा जुळविण्याचे काम आपल्यावर पडते. ते करताना ‘अशक्तपणा आहे’ एवढ्यावर थांबू नये. खाली बसल्यावर उठता येते का, पायरी चढता येते का, कोरडी भाकरी पाण्यावाचून उतरते का, डोळ्यांत वाळू वाटते का, रात्री किती वेळा उठावे लागते, मुतखडा किती वेळा झाला, हे एकेक करून विचारावे आणि डॉक्टरांपुढे एकाच वेळी मांडावे. श्योग्रेन यांनी १९३० साली वेगळे असे काही केले नव्हते. तीन दवाखान्यांत विखुरलेल्या तक्रारी त्यांनी एका कागदावर आणल्या.

आणि जुने रिपोर्ट फेकू नयेत. तारखेप्रमाणे लावून एका फाइलीत ठेवावेत. वहीच्या एका पानावर पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि क्रिएटिनिन असे तीन रकाने आखून प्रत्येक तपासणीचा आकडा उतरवावा. आकडा घसरणीला लागला तर पाय लुळे पडण्याच्या कितीतरी आधी तो त्या पानावर दिसतो.